मात्रा : ताप आणि दाह यांवरील औषधांचा इतिहास वाचताना

मराठीत ‘मात्रा’ हा शब्द अनेक ठिकाणी राबतो. अक्षराच्या डोक्यावर देतात ती मात्रा, वृत्तात मोजतात ती मात्रा, आणि वैद्य देतो तीही मात्राच. या शेवटच्या अर्थात थोडा गुंता आहे. ‘औषधाची मात्रा’ म्हणजे औषधाचे प्रमाण. परंतु ‘हेमगर्भाची मात्रा’ म्हणजे प्रत्यक्ष औषध. प्रमाण आणि औषध या दोन्ही गोष्टींना आपल्या भाषेने एकच शब्द दिला. पुढे ‘त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही’ असे आपण म्हणू लागलो, तेव्हा मापाचा अर्थ पार मागे पडला आणि गुणाचा, परिणामाचा अर्थ तेवढा उरला. शब्दाच्या पोटात घडलेले हे स्थित्यंतर समाजाच्या वागण्यातही घडलेले दिसते. ताप आला की कोणती गोळी, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असते; किती, कोणाला, किती वेळाने, हे विचारले तर उत्तरे डळमळू लागतात.

आम्ही भाषा आणि साहित्य शिकवणारे. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे आणि येथे कोणास औषधयोजना सांगण्याचा हेतूही नाही. परंतु ताप आणि दाह यांवरील औषधांचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास वाचत असताना एक गोष्ट आम्हांला वारंवार जाणवली. हा इतिहास सहसा औषधांच्या शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो : अमक्याने अमुक साली अमुक द्रव्य शोधले. प्रत्यक्षात द्रव्य सापडणे हा त्यातील लहान भाग आहे. मात्रा सापडायला बहुतेक वेळा त्यापुढे कित्येक दशके लागली, आणि तिची किंमत प्रयोगशाळेबाहेरच्या माणसांनी मोजली. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या इतिहासाचा मागोवा घ्यायचा आहे.

गुंज, वेढा आणि ग्रेन

मात्रेचे भान आपल्या परंपरेत नव्हते, असे मुळीच नाही. आयुर्वेदात ज्वराला रोगांमध्ये अग्रस्थान आहे आणि त्याच्या आरंभी औषधापेक्षा लंघनाला महत्त्व दिलेले आहे. तापावर महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या दिल्या गेलेल्या त्रिभुवनकीर्ती रसात सुंठ, मिरी, पिंपळी यांच्या जोडीला बचनाग आणि हिंगूळ असतात. बचनाग हे जहाल विष आणि हिंगूळ हे पाऱ्याचे संयुग. अशा कल्पाची मात्रा गुंजेत मोजली जाई. गुंजेची लाल-काळी बी म्हणजे सुमारे सव्वाशे मिलिग्रॅम. विषाची शुद्धी करायची, ते गुंजेच्या मापाने द्यायचे आणि रोग्याचे बल पाहून द्यायचे, असा त्यामागील दंडक होता. घरातील बाळगुटीलाही माप होतेच. मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, मायफळ यांचे सहाणेवर किती वेढे घ्यायचे हे बाळाच्या वयावरून ठरे आणि महिन्यागणिक वेढे वाढत. वेढा हे काही अचूक माप नव्हे. उगाळणारा हात आणि सहाणेचा खरखरीतपणा बदलला की तेही बदलते. तथापि माप हवे, आणि ते शरीराप्रमाणे बदलायला हवे, ही जाण त्यात निश्चित होती.

युरोपातील कहाणीचा आरंभही असाच चाचपडत झाला. एडवर्ड स्टोन हा इंग्लंडमधील ऑक्सफर्डशर परगण्यातला एक धर्मोपदेशक. विलोच्या, म्हणजे आपल्याकडील वाळुंजाच्या कुळातल्या झाडाच्या, सालीचा तुकडा त्याने चाखला आणि तिचा कडवटपणा त्याला सिंकोनाच्या सालीसारखा वाटला. सिंकोना म्हणजे आपल्या जुन्या पिढीच्या तोंडी असलेल्या ‘कोयनेल’चे झाड, त्याची साल महाग होती आणि दक्षिण अमेरिकेतून यावी लागे. स्टोनने विलोची साल एका पावभट्टीच्या बाहेरच्या बाजूस पिशवीत घालून तीन महिन्यांहून अधिक काळ वाळवली, तिची पूड केली आणि हिवतापाच्या रोग्यांना देऊ लागला. सुमारे ५० जणांवरील आपला अनुभव त्याने १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला पत्राने कळवला. त्या पत्रात आम्हांला विशेष महत्त्वाचे वाटते ते त्याचे बिचकणे. या सालीविषयी आपल्याला काहीच माहिती नाही, याची जाणीव असल्यामुळे त्याने अगदी थोड्या प्रमाणापासून सुरुवात केली, दर चार तासांनी २० ग्रेन (सुमारे १.३ ग्रॅम) असे माप ठेवले आणि मग ते बेताबेताने वाढवले. त्याची उपपत्ती चुकीची होती. दलदलीत ताप होतो आणि विलोही दलदलीतच वाढतो, तेव्हा रोगाशेजारीच उपाय असणार, असे त्याला वाटत होते. शिवाय कोयनेल हिवतापाच्या जंतूला मारते, विलो केवळ ताप उतरवतो, हा भेद त्याच्या काळी कोणालाच ठाऊक नव्हता. पण उपपत्ती चुकूनही त्याची रीत मात्र बरोबर होती.

१८२८ मध्ये म्यूनिकच्या योहान बुख्नरने विलोच्या सालीतून ‘सॅलिसिन’ वेगळे केले. १८३८ मध्ये राफाएले पिरियाने त्यापासून सॅलिसिलिक आम्ल तयार केले. १८७६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडीच्या थॉमस मॅक्‌लॅगन या डॉक्टरने संधिवाताच्या तापात सॅलिसिन देण्यापूर्वी ते स्वतः घेऊन पाहिले : आधी ५ ग्रेन, मग १०, मग ३०. काही अपाय होत नाही असे पाहिल्यावरच त्याने ते रोग्याला दिले. रोमन ग्रंथकार सेल्सस याने पहिल्या शतकात दाहाची चार लक्षणे सांगून ठेवली होती : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. ताप आणि सांध्यांची सूज एकाच औषधाने उतरते, हे मॅक्‌लॅगनच्या रोग्यांत दिसले, आणि या दोहोंचे मूळ कोठेतरी एक असावे अशी शंका घ्यायला जागा झाली. तिचे उत्तर मिळायला आणखी ९५ वर्षे जावी लागली.

किती?

याच सुमारास आणखी एक घटना घडत होती. लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिखने सुमारे २५ हजार रुग्णांची तापमाने नोंदवून १८६८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्याच वर्ष-दोन वर्षे अलीकडेपलीकडे इंग्लंडमध्ये थॉमस ऑलबट याने सहा इंची, खिशात मावणारा तापमापक तयार केला. तोवरचे तापमापक हातभर लांब असत आणि त्यांना वीस-वीस मिनिटे लागत. ताप हा स्वतंत्र रोग नसून रोगाचे लक्षण आहे, हे वुंडरलिखचे प्रतिपादन. गंमत अशी, की त्याच्या ग्रंथाने आणि ऑलबटच्या उपकरणाने मिळून वैद्यकाच्या हाती एक आकडा दिला, आणि आकडा हाती आल्यावर तो खाली आणण्याची ओढ सुरू झाली. लक्षणावर नजर ठेवण्याचे साधन हे लक्षणाशी लढण्याचे कारण बनले.

तो आकडा खाली आणणारी द्रव्ये जर्मनीतील डांबरापासून रंग बनवणाऱ्या कारखान्यांनी पुरवली. १८८६ मध्ये स्ट्रासबुर्गला कान आणि हेप हे दोन तरुण डॉक्टर आतड्यांतील जंतांवर नॅफ्थलीन देऊन पाहत होते. दुकानातून चुकीची बाटली आली. तीत ॲसिटॅनिलाइड होते. जंतांवर काही परिणाम झाला नाही, पण रोग्याचा ताप उतरला. ‘अँटिफेब्रिन’ या नावाने ते लगोलग बाजारात आले. त्यानंतर रोग्यांचे ओठ आणि नखे निळी पडू लागली, कारण हे द्रव्य रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्तीच हिरावून घेत होते. पाठोपाठ १८८७ मध्ये फेनासेटिन आले. ते अधिक सोसवणारे असल्याने दीर्घकाळ आणि सर्रास घेतले गेले. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमधून आणि मग इतर देशांतून मूत्रपिंडे निकामी झाल्याची वृत्ते येऊ लागली. अमेरिकेने ते १९८३ मध्ये, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी, बंद केले. एका मात्रेने जे होत नाही ते हजार मात्रांनी होते, हा येथील धडा होता.

दरम्यान १८९७ मध्ये बायर कंपनीतील फेलिक्स होफमान याने सॅलिसिलिक आम्लाचे सौम्य रूप शुद्ध स्वरूपात तयार केले आणि १८९९ मध्ये त्याला ‘ॲस्पिरिन’ हे नाव मिळाले. लवकरच ते गोळीच्या रूपात विकले जाऊ लागले. गोळी हा मात्रेच्या इतिहासातील मोठा टप्पा होय. गुंज, ग्रेन, वेढा यांऐवजी माप कारखान्यातच ठरून येऊ लागले. परंतु माप ठरवणारा वैद्य त्याबरोबर दृष्टीआड झाला आणि किती गोळ्या हा प्रश्न घेणाऱ्याच्या मर्जीवर राहिला.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत याचे टोक दिसते. त्या वर्षी अमेरिकेत काही अधिकारी वैद्यांनी दिवसाला ८ ते ३१ ग्रॅम ॲस्पिरिन देण्याची शिफारस केली होती. आज प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅमच्या आसपास मानतात. ॲस्पिरिनची विषबाधा झाली की फुप्फुसांत पाणी साचू शकते. त्यामुळे त्या शरद ऋतूतील काही मृत्यू साथीचे नसून औषधाचे असावेत, असे अनुमान कॅरन स्टार्को यांनी २००९ मध्ये मांडले. हे अनुमान सर्वमान्य झालेले नाही आणि त्याची व्याप्ती ताणू नये, असे आमचेही मत आहे. १९१८ च्या जूनमध्ये ही साथ मुंबईत शिरली आणि हिंदुस्थानात तिने घेतलेल्या बळींचा अंदाज एक ते दोन कोटींच्या दरम्यान केला जातो. खेड्यापाड्यांतल्या त्या बहुसंख्य मृतांपर्यंत ॲस्पिरिनची गोळी पोहोचलीच नव्हती. रोग स्वतः भीषण होताच. प्रश्न एवढाच, की भयाच्या काळात माप सर्वांत आधी सुटते का. कोविडच्या काळाकडे पाहता या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागते. त्याकडे पुढे वळू.

आज आपल्या घराघरांत असलेल्या पॅरासिटॅमॉलची कहाणी तर अधिकच बोलकी आहे. हे द्रव्य अमेरिकेत हार्मन मोर्सने १८७८ मध्येच तयार केले होते. १८९३ मध्ये जर्मनीत त्याची चाचणी झाली, त्यात तेही रक्तावर अपाय करते असा निष्कर्ष निघाला, आणि ते अर्धे शतक कपाटात पडून राहिले. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ब्रोडी आणि ॲक्सेलरॉड यांनी दाखवून दिले, की ॲसिटॅनिलाइडचा गुण ज्या द्रव्यामुळे येतो ते शरीरात तयार होणारे पॅरासिटॅमॉलच. अपाय करणारे द्रव्य निराळे. मग १९५५-५६ पासून ते अमेरिका-ब्रिटनमध्ये विक्रीस आले आणि ‘निर्धोक’ ठरले. दहाच वर्षांनी, १९६६ मध्ये, ब्रिटनमधून त्याच्या अतिसेवनाने यकृत निकामी झाल्याची वृत्ते आली.

असे का होते हे समजून घेण्यासारखे आहे. पॅरासिटॅमॉलचा बराचसा भाग यकृत निरुपद्रवी करून बाहेर टाकते. थोड्या भागापासून एक विषारी द्रव्य बनते आणि यकृतातील ग्लुटाथायोन ते निष्प्रभ करते. मात्रा वाढली की हा साठा संपतो आणि विष यकृताच्या पेशींवर उलटते. पहिले एक-दोन दिवस रोग्याला मळमळीपलीकडे फारसे काही जाणवत नाही, आणि उपचारासाठी महत्त्वाचे तास नेमके तेच असतात. १९७० च्या दशकात सापडलेला ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वांत अधिक गुणकारी ठरतो. ब्रिटनने १९९८ मध्ये एका वेळी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि त्यानंतर तेथील असे मृत्यू घटले. रसायनशास्त्रातील कोणताही नवा शोध न लागता, केवळ पाकिटाच्या आकाराने माणसे वाचली.

आपल्याकडे धोका वेगळ्या वाटेने येतो. सर्दीची गोळी, अंगदुखीची गोळी आणि तापाची गोळी यांची नावे निराळी असतात. पोटात बहुधा पॅरासिटॅमॉलच असते. तीन नावांनी घेतलेली औषधे ही प्रत्यक्षात एकाच औषधाची तिप्पट मात्रा असू शकते. त्यात रोगी उपाशी असेल, मद्यपी असेल वा यकृत आधीच दुखावलेले असेल तर ‘नेहमीचे’ मापही अधिक ठरू शकते.

कोणाला?

मात्रेचा दुसरा प्रश्न शरीराचा. १९६३ मध्ये सिडनीच्या डग्लस राय यांनी २१ मुलांच्या एका विलक्षण आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. साध्या सर्दी-तापातून किंवा कांजिण्यांतून मूल बरे होत आहे असे वाटावे आणि एकाएकी उलट्या, भ्रम, बेशुद्धी सुरू व्हावी. मेंदूला सूज आणि यकृतात चरबी. २१ पैकी १७ मुले दगावली. पुढे अमेरिकेतील पाहण्यांत असे आढळले, की या मुलांना आजारपणात ॲस्पिरिन दिलेले असण्याचे प्रमाण फार मोठे आहे. १९८० पासून इशारे सुरू झाले, औषध कंपन्यांनी विरोध केला, आणि अखेर १९८६ मध्ये अमेरिकेत वेष्टनावर इशारा छापणे सक्तीचे झाले. त्याच वर्षी ब्रिटनने बारा वर्षांखालील मुलांना ॲस्पिरिन देणे थांबवले. १९७९-८० मध्ये अमेरिकेत या रोगाच्या ५५५ नोंदी होत्या. १९८७ नंतर कोणत्याही वर्षी त्या ३६ च्या पुढे गेल्या नाहीत. ॲस्पिरिन तेव्हा ८० वर्षांचे जुने, सर्वांच्या ओळखीचे औषध होते. जुनेपणा आणि ओळख ही सुरक्षिततेची प्रमाणपत्रे नव्हेत, हे त्या मुलांनी सिद्ध केले. भारतात तापावर मुलांना सर्रास दिल्या गेलेल्या निमेसुलाइडचेही असेच झाले. यकृताला होणाऱ्या अपायाची चर्चा वर्षानुवर्षे चालल्यानंतर २०११ मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी त्यावर बंदी आली.

१९७१ मध्ये लंडनच्या जॉन व्हेन यांनी मॅक्‌लॅगनच्या काळापासून अनुत्तरित राहिलेले कोडे सोडवले. ॲस्पिरिन आणि त्याच्या कुळातील औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. हीच द्रव्ये मेंदूतील तापनियंत्रक केंद्राचा आकडा वर सरकवतात, हीच सांध्यांत सूज आणि वेदना आणतात; म्हणून एका गोळीने दोन्ही उतरते. पण हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा राखतात. औषधाचा गुण आणि अपाय एकाच मुळातून येतात. डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन टाळायला सांगतात, कारण प्लेटलेट आधीच घटलेल्या असताना रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप अंगावर दिसतो; कोणता ताप, हे मात्र दिसत नाही.

‘कोणाला’ या प्रश्नाचे सर्वांत अनपेक्षित उत्तर गिधाडांनी दिले. १९९० च्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या अभयारण्यात ही घट नोंदवली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण २००४ मध्ये पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या तपासणीतून उजेडात आले : डायक्लोफेनॅक. लंगडणाऱ्या, सुजलेल्या गुरांना पशुवैद्य हे दाहशामक टोचत. गुरू मेले की त्याच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे बंद पडत. शंभर मृत जनावरांमागे एकाहूनही कमी जनावरांत विषारी प्रमाण असले, तरी एवढा संहार व्हायला ते पुरेसे होते. माणसाला आणि बैलाला सोसणारी मात्रा तिसऱ्या प्राण्याला विष ठरली. मलबार हिलवरील पारशी समाजाच्या दोखम्यांवर गिधाडे उतरेनाशी झाली आणि शतकानुशतकांच्या अंत्यविधीपुढे प्रश्नचिन्ह उभे राहिले. सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवण्याची वेळ त्या समाजावर आली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला. येथेही उपाय मापातच होता.

केव्हा?

ताप हा शत्रूच, हे गृहीतकही इतिहासाने तपासून पाहिले आहे. १९७५ मध्ये मिशिगनच्या मॅथ्यू क्लूगर यांनी वाळवंटी सरड्यांना जंतुसंसर्ग केला. सरड्याचे रक्त थंड. तो उबेला जाऊनच आपले तापमान वाढवतो. ज्यांना ऊब मिळू दिली त्यांतील अधिक जगले, ज्यांना थंड ठेवले त्यांतील अधिक मेले. याचा अर्थ माणसाने तापात तसेच पडून राहावे असा नाही. तान्ह्या बाळाचा ताप, झटके, न उतरणारा ताप, धाप, ग्लानी या गोष्टी ताबडतोब डॉक्टरकडे नेण्याच्याच आहेत. अर्थ एवढाच, की औषध रोग्याला आराम देण्यासाठी असते, तापमापकाला खूश करण्यासाठी नव्हे. लंघन आणि विश्रांतीचा आग्रह धरणाऱ्या जुन्या वैद्यांना हे निराळ्या शब्दांत ठाऊक होते.

वेळेचे महत्त्व स्टेरॉइडांनी सर्वांत कठोरपणे शिकवले. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने खिळलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन दिले आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर दीर्घ वापराचे दुष्परिणामही दिसू लागले होते. सत्तर वर्षांनी, जून २०२० मध्ये, ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवले, की डेक्सामेथासोन दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिल्यास व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. त्याच चाचणीने असेही दाखवले, की ज्यांना प्राणवायूची गरज नाही त्यांना त्याचा लाभ नाही. या निष्कर्षाचा पहिला अर्धा भाग सर्वत्र पोहोचला, दुसरा वाटेत गळाला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरी बसलेल्या, साधा ताप असलेल्या कित्येकांनी पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून स्टेरॉइड घेतले. दाहाबरोबर प्रतिकारशक्तीही दबली, रक्तातील साखर चढली, आणि मधुमेहाचे प्रमाण मोठे असलेल्या महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे हजारो रुग्ण आले. कोणाचा जबडा काढावा लागला, कोणाचा डोळा. स्टेरॉइड हे एकच कारण नव्हते, पण ते मोठे कारण होते. औषध तेच, माप तेच. चार दिवस आधी घेतल्याने त्याचा अर्थ बदलला.

कशातून?

आणखी एक प्रश्न बाटलीच्या आतला आहे. पॅरासिटॅमॉल पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे मुलांच्या पातळ औषधात प्रोपिलीन ग्लायकॉलसारखा द्रव मिसळावा लागतो. त्याच्या जागी स्वस्त, औद्योगिक डायएथिलीन ग्लायकॉल आले की मुलांची मूत्रपिंडे बंद पडतात. १९३७ मध्ये अमेरिकेत एका सल्फा औषधातून हे घडले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. पुढच्याच वर्षी तेथे औषधांचा कडक कायदा झाला. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण मृत्यू पावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने राज्याच्या औषध-नियंत्रणाची लक्तरे वेशीवर टांगली. १९९० च्या दशकात बांगलादेश आणि हैतीत तापाच्याच औषधाने मुले दगावली. २०२२ मध्ये गांबिया आणि इंडोनेशियात पुन्हा तेच. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात सर्दी-खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलांचा बळी घेतला. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलेले होते. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. आईने चमचा मोजूनच भरला असेल. पण माप बिघडले होते ते कारखान्यात.

‘नैसर्गिक’ पूरकांची स्थिती याहून फार वेगळी नाही. जखमेवर हळद लावण्याचे १९९५ मध्ये दिले गेलेले अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द करवून घेण्यात रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरला यश आले. हळदीचा गुण आपल्याला पूर्वापार ठाऊक आहे, हे त्यातून जगापुढे सिद्ध झाले. तो अभिमान रास्तच होता. परंतु सिद्ध झाला तो परंपरेच्या मापातील हळदीचा वापर. हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास असते आणि ते पोटातून रक्तात फारसे जात नाही. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले, की मिऱ्यातील पायपरीन सोबत दिल्यास त्याचे शोषण वीसपटीने वाढते. आज हे कर्क्युमिन गाळून, घट्ट करून, पायपरीनसह कॅप्सूलमध्ये भरून विकले जाते. अशा पूरकांमुळे यकृताला दाह झाल्याची वृत्ते २०१९ पासून इटलीतून आणि मग अमेरिकेतून आली. आमटीतली चिमूट आणि कॅप्सूल यांचे नाव एक. मात्रा मात्र निराळी.

गुळवेलीचेही तसेच. कोविडच्या काळात घरोघरी तिचे काढे झाले. २०२० च्या अखेरीस मुंबईत सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे आढळले आणि २०२१ मध्ये तेथील डॉक्टरांनी ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला : वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, ती गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी, विषारी जात असू शकते. पुढे या वादात दोन्ही बाजूंनी बरेच लिहिले गेले. आम्हांला त्यातून दिसते ते असे, की मंत्रालयाचा आक्षेप खरा मानला तरी सामान्य माणसाचा धोका कमी होत नाही, उलट वाढतो. कुंपणावरची वेल खुडून काढा उकळणाऱ्याला ती कोणती जात आहे, किती उकळायची आणि किती दिवस घ्यायची, हे सांगणारा वैद्य तेथे नव्हताच. आयुर्वेद घेतला गेला, पण त्यातील गुंज गळाली.

हा सारा इतिहास डोळ्यांपुढे ठेवला की ‘सुरक्षित औषध’ हा शब्दप्रयोगच अपुरा वाटू लागतो. सुरक्षितता द्रव्यात नसते. ती द्रव्य, शरीर आणि वेळ यांच्यामधील प्रमाणात असते. म्हणून घरात काही साध्या सवयी हव्यात. पाकिटावरील मोठ्या नावाऐवजी घटकद्रव्याचे लहान नाव वाचावे. मुलाचे औषध डॉक्टरकडून त्याच्या आजच्या वजनाप्रमाणे ठरवून घ्यावे आणि बाटलीसोबत आलेल्या मापानेच द्यावे. स्वयंपाकघरातला चमचा हे माप नव्हे. कोणती मात्रा किती वाजता दिली हे कागदावर लिहावे, म्हणजे आईने दिलेली पुन्हा आजीकडून दिली जाणार नाही. डॉक्टरांना काढे आणि पूरकेही सांगावीत, कारण यकृताला पॅथीचा भेद कळत नाही.

औषधाच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत काही ओळी छापलेल्या असतात : बारा वर्षांखालील मुलांना देऊ नये, ठरावीक मापाहून अधिक घेतल्यास यकृतास अपाय संभवतो, जनावरांसाठी वापरू नये. आपण त्या क्वचितच वाचतो. त्यांतील प्रत्येक ओळीला एक साल आहे, एक गाव आहे, आणि ती छापली जाण्यापूर्वी ज्यांच्यापर्यंत पोहोचली नाही अशी माणसे आहेत. मात्रा शोधण्याचे काम त्यांनी आपल्यासाठी करून ठेवले आहे. वाचण्याचे तेवढे आपल्याकडे उरले आहे.